'इन्सेंडिओ'त अग्नी नाही, चंद्र आहे

हॅरी पॉटरच्या कथांमधील आग पेटवणारा 'इन्सेंडिओ' हा मंत्र आपल्या 'अग्नी'शी नाते सांगतो का, आणि त्याचा अर्थ 'मी पेटवतो' असा होतो का, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्हींचे उत्तर 'नाही' असे आहे. लॅटिन 'इग्निस' आणि संस्कृत 'अग्नि' ही एकाच घरातील भावंडे आहेत, हे खरे. परंतु आगीचा कोणताही शब्द दिसला की त्याला याच घरात नेऊन बसवण्याची जी सवय पडली आहे, ती आता थांबायला हवी.

'मी पेटवतो' याला लॅटिनमध्ये 'इन्केन्दो' म्हणतात (अभिजात लॅटिनमध्ये येथे 'क' होता, 'स' नंतरचा). मंत्रात एक जादा 'इ' आहे, म्हणून ते क्रियापद नव्हे. 'इन्केन्दिउम', म्हणजे मोठी आग, या नामाची पंचमी 'इन्केन्दिओ' होते आणि लॅटिनमध्ये करणाचा अर्थ पंचमीच दाखवत असल्याने तिचा अर्थ 'आगीने' असा होतो. हीच अक्षरे इटालियन आणि स्पॅनिशमध्ये आज आग या अर्थाने लिहिली जातात.

खरी मौज मात्र धातूत आहे. 'इन्' हा उपसर्ग काढला की 'कन्द्' उरतो. उपसर्गामुळे त्यातील 'अ'चा 'ए' झाला आहे. 'कान्देरे' म्हणजे शुभ्र तेजाने झळकणे. मेणबत्तीची 'कँडल' त्यातूनच आली, आणि मते मागताना खडूने उजळलेला पांढरा टोगा घालणारा रोमन उमेदवार 'कान्दिदातुस' म्हणवला गेला, तोही त्यातूनच. या धातूचा संस्कृतातील सोयरा म्हणजे 'श्चन्द्', अर्थात आपला 'चंद्र', ज्याचा मूळ अर्थ 'झळकणारा' असा आहे.

मूळचा तो 'श' 'हरिश्चंद्र' या नावात अजून जिवंत आहे. तेथे विसर्गसंधी झाला, असे जे शिकवले जाते ते मला मुळीच मान्य नाही. 'हरि' हे समासातील पूर्वपद आहे आणि त्याला विसर्ग लागण्याचे कारणच नाही. साधा विसर्गसंधी असता, तर पाणिनीला 'प्रस्कण्वहरिश्चन्द्रावृषी' असे स्वतंत्र सूत्र रचावे लागले नसते. पाणिनी या ठिकाणी 'सुट्' हा आगम मानतो, म्हणजे वर्ण बाहेरून आला असे म्हणतो. त्याच्याविषयी पूर्ण आदर राखूनही मी तुलनात्मक भाषाशास्त्राच्या बाजूने उभा राहीन: तो वर्ण आलेला नाही, इतरत्र तो गळाला आणि येथे टिकला.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील सत्ताविसाव्या सूक्तात 'धूमकेतुः पुरुश्चन्द्रः', म्हणजे धूर हे ज्याचे निशाण आहे आणि जो विपुल झळकतो, असे वर्णन येते. तेथे तोच 'श' आहे, आणि वर्णन अग्नीचेच आहे.