आरएफ निगेटिव्ह, मग आमवात नाही का?

प्रश्न : आई ४८ वर्षांची. तीन महिने दोन्ही हातांची बोटं सुजतात. सकाळी मूठ वळत नाही. नऊ वाजेपर्यंत आडाळीवर नारळ किसता येत नाही, मग हात सैल होतात. आरएफ (रुमॅटॉइड फॅक्टर, आमवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल, एक्स-रेही चांगला. हे पावसाच्या दमट हवेने असेल का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : दमट हवेने ठणका वाढेल, पण तीन महिने टिकणारी सूज हवेने येत नाही. आरएफ निगेटिव्ह आला म्हणून आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, नाही असं समजू नका. या रुग्णांपैकी सुमारे २० ते ३० टक्क्यांत तो निगेटिव्हच असतो, आणि काही धडधाकट वयस्कांत पॉझिटिव्ह येतो. सुरुवातीचा एक्स-रेही बहुधा स्वच्छ असतो.

निदानाची खरी सुरुवात सांधे चाचपून होते. सांध्यांच्या झिजेत सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो आणि कामाने दुखणं वाढतं. आईचं नेमकं उलट आहे. सूज बोटांच्या मुळाशी, मधल्या पेरांत, मनगटात आहे का, ते पाहा. आमवातात नखाजवळचं पेर सहसा सुजत नाही. तेच सुजलं असेल तर झीज किंवा सोरायसिसचा (त्वचेच्या एका विकारासोबत येणारा) संधिवात. सोरायसिस ओळखण्यासाठी नखांवर बारीक खड्डे, कोपरावर किंवा डोक्यात खवले आहेत का, तेही बघावं.

डॉक्टर पेर दोन बाजूंनी चिमटीत धरतात आणि दुसऱ्या हाताने वरून-खालून दाबतात. लिबलिबीत लागलं तर सांध्याचं अस्तर सुजलंय. हाडासारखं टणक लागलं तर झीज. दाब आपलं नख पांढरं पडेल इतकाच, त्याहून जास्त दाबलं तर कुणालाही दुखेल. मग चारही बोटांची मुळं आडवी धरून हलकेच आवळतात. रुग्ण कळवळला तर संशय बळावतो. पायाच्या बोटांशीही हेच करायला हवं. ते बऱ्याचदा राहून जातं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: दुखणं सुरू होण्याआधी ताप, पुरळ आलं होतं का? चिकुनगुन्या हुबेहूब असाच दिसतो आणि महिनोन् महिने रेंगाळतो. तसं असेल तर त्याची रक्ततपासणी आधी.

आता अँटी-सीसीपी (आमवाताची दुसरी रक्ततपासणी) आणि सीआरपी, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या) करून घ्या आणि संधिवाततज्ज्ञांना किंवा बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) मेडिसिन ओपीडीत दाखवा. तोवर कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन नको. सूज उतरते आणि तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. सकाळी उठल्या उठल्या आईच्या दोन्ही हातांचे फोटो काढून ठेवा, कारण ओपीडीत नंबर लागेपर्यंत सूज ओसरलेली असू शकते.