अंदाजपत्रकातला ‘अंदाज’

दापोलीहून एका शिक्षिकाबाईंनी विचारले आहे: “अमेरिकेच्या राजधानीचे, वॉशिंग्टन शहराचे बजेट तिथल्या संसदेच्या हातात असते, अशी बातमी वर्गात वाचून दाखवली. एका ठिकाणी ‘शहराचा अर्थसंकल्प’ होते, दुसरीकडे ‘अंदाजपत्रक’, तिसरीकडे ‘शहराचे अनुदान रोखले’. मुलांना कोणता शब्द सांगू?”

बाई, ‘अनुदान’ आधी खोडून टाका. हा शब्द या बातमीत वाचला की माझ्या कपाळावरची शीर उठते. अनुदान म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेला पैसा. मार्च २०२५मध्ये वॉशिंग्टनचा जो पैसा अडला, तो बहुतांशी तिथल्या रहिवाशांनी शहराला भरलेल्या मालमत्ता कराचा, विक्रीकराचा, आयकराचा होता. आपल्याच घागरीतले पाणी शेजाऱ्याने ओतू दिले नाही, तर ‘शेजाऱ्याने पाणी दिले नाही’ असे कोणी म्हणेल का?

आता उरलेले दोन शब्द. त्यातला ‘अंदाजपत्रक’ हिणकस आणि ‘अर्थसंकल्प’ भारदस्त, असा एक समज शाळाशाळांतून पसरला आहे. त्याचे मूळ आमच्या रत्नागिरीतच आहे. सावरकर इथे स्थानबद्ध असताना त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. ‘महापौर’ शब्द त्यांचा, ‘अर्थसंकल्प’ही त्यांच्याच नावावर सांगतात. महापौराबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण फारसी म्हणून ‘अंदाज’ला दाराबाहेर काढणाऱ्यांशी माझे भांडण आहे, कारण त्यांनी शब्द उघडून पाहिलाच नाही.

फारसीत ‘अंदाख़्तन’ म्हणजे फेकणे, टाकणे. त्याचे ‘अंदाज़’. तीर फेकतो तो तिरंदाज. तोफेचा गोळा फेकतो तो गोलंदाज. क्रिकेटचा चेंडू त्याच्या हातात फार उशिरा आला. त्याआधी तो विजयदुर्गच्या आणि सिंधुदुर्गच्या तटावर तोफेशी उभा असे. त्याच घराण्यातला ‘अंदाज़ा’ म्हणजे माप. अरबांनी हे इराणी घराणे उचलून ‘हंदसा’ केले, म्हणजे भूमिती, आणि त्यावरून इंजिनिअरला ‘मुहंदिस’ म्हटले. अंदाज म्हणजे मोघम ठोकून देणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे दोनदा वाचावे. (‘दूरंदेशी’ मात्र या घरात आणू नका. तिच्यातला ‘अंदेशा’ विचार करण्याच्या धातूपासून आला आहे. ही चूक चांगल्या लिहित्या लोकांकडूनही होते.)

फेक आधी की माप आधी, यावर व्युत्पत्तिकारांचे एकमत होवो न होवो. माझे मत असे की ही दोन कामे कधी वेगळी नव्हतीच. आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी पाग, म्हणजे हाताने फेकायचे मासेमारीचे जाळे, टाकणारा माणूस पाहा. पाण्यावरची थरथर पाहतो, ओहोटी किती ओसरली ते पाहतो, कमरेतून वळतो आणि पाग सोडतो. हवेत गोल उघडून पाग पाण्यावर बसते, तेव्हा माप आणि फेक एकाच क्षणी झालेली असते. म्हणूनच अंदाज त्यानेच करावा ज्याचे पाय त्या पाण्यात आहेत. अंदाजपत्रक हा शब्द मला यासाठी प्रिय आहे.

आता ‘संकल्प’. पूजेत संकल्प सोडताना देश, काल, गोत्र सगळे भटजी म्हणतात, पण पळीभर पाणी ताम्हनात सुटते ते यजमानाच्या हातावरून. ज्याचा हात, त्याचा संकल्प. वॉशिंग्टनच्या पैशावर हात कोणाचा? अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदाने राजधानीच्या जिल्ह्यासाठी कायदे करण्याचा संपूर्ण अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला. १९७३च्या स्वशासन कायद्याने शहराला निवडून आलेला महापौर आणि १३ जणांची नगर परिषद मिळाली, पण खर्चाची शेवटची मोकळीक काँग्रेसने स्वतःकडे ठेवली. एप्रिल २०१३च्या जनमतात ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी कौल दिला की स्थानिक कराचा पैसा परिषदेनेच खर्चाला मोकळा करावा. २०१६मध्ये तिथल्या न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. तरी काँग्रेस आपल्या खर्चाच्या कायद्यात शहराचे कलम घालत राहिली. गर्भपात, गांजा अशा विषयांवर शहराने स्वतःचा पैसाही कसा खर्चू नये, हेही ती तिथेच बजावते. सुमारे ७ लाखांचे हे शहर, आणि काँग्रेसमध्ये मताचा हक्क असलेला त्यांचा एकही सदस्य नाही.

मार्च २०२५मध्ये उरलेल्या वर्षासाठीच्या तात्पुरत्या खर्चाच्या कायद्यातून शहराला स्वतःचा पैसा खर्चू देणारे नेहमीचे कलम गळले. ऑक्टोबरला सुरू झालेले वर्ष निम्मे सरलेले, आणि शहराला सांगणे आले की आदल्या वर्षाच्या पातळीवर उतरा. एक अब्ज डॉलरहून मोठा खड्डा. काँग्रेसच्या एका सभागृहाने, सिनेटने, लगेच दुरुस्ती संमत केली; दुसऱ्याने, प्रतिनिधिगृहाने, ती घेतलीच नाही.

या प्रकाराला नेमका शब्दही ‘अंदाज’च्याच घरात आहे: दस्तअंदाजी. दस्त म्हणजे हात. दुसऱ्याच्या कामात हात टाकणे, ढवळाढवळ. उर्दूत तो आजही नांदतो. शहर करते तो अंदाज, संसद करते ती दस्तअंदाजी, आणि दोन्ही एकाच धातूची लेकरे! हे मला सुचले त्या रात्री मी उठून दिवा लावला आणि वहीत लिहून ठेवले.

कोणी म्हणेल, आपल्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रकही पंचायत समितीकडे मान्यतेला जाते. जाते. पण पंचायत समितीत आपल्या गणातून निवडून दिलेला सदस्य बसलेला असतो, आणि त्याला मत असते. घराजवळचा खरा दाखला दिल्लीचा. तिथल्या सरकारला विधानसभेत बजेट मांडण्याआधी केंद्राची मंजुरी लागते. मार्च २०२३मध्ये ती वेळेवर आली नाही, म्हणून २१ तारखेचे बजेट २२ला मांडले गेले.

‘मंजूर’वरही लिहायचे होते. अरबी ‘नज़र’वरून तो आला, मुळात ‘पाहिलेले’ एवढाच अर्थ. पण ते पुढच्या वेळी.

तुमच्या मुलांना असे लिहायला सांगा: वॉशिंग्टनची नगर परिषद अंदाजपत्रक तयार करते, आणि काँग्रेस विनियोजन करते. विनियोजन हा आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठातला शब्द, अमुक पैसा अमुक कामाला लावण्याची कायदेशीर मोकळीक. आणि फळ्यावरच्या बातमीत ‘अनुदान रोखले’ असेल तिथे ‘शहराला स्वतःचा पैसा खर्चू दिला नाही’ असे लिहा. चार शब्द वाढतील, वाढू द्या.