सीपॅपचा मास्क रात्री लीक होतो, प्रेशर वाढवू का?

नाही, इतक्यात नको, आधी लीक थांबवा. तुम्ही लिहिलंय की ऑटो सीपॅप (झोपेत घसा बंद होऊ नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं, आणि तो दाब स्वतःच कमी-जास्त करणारं मशीन) ४ ते २० प्रेशरवर ठेवलंय, झोपताना मास्क एकदम फिट असतो आणि पहाटे डोळ्यात हवा जाऊन जाग येते. माझंही सुरुवातीचे दोन महिने सेम हेच चाललं होतं म्हणून सविस्तर लिहितोय.

होतं काय की आपण मास्क लावतो तेव्हा प्रेशर असतं ४, त्यावर कुठलाही मास्क फिटच वाटतो. मग गाढ झोपेत, विशेषतः उताणं झोपल्यावर, घसा बंद व्हायला लागतो आणि मशीन ११-१२ पर्यंत चढतं, आणि जो मास्क ४ वर बसवलाय तो १२ ला उचलला जातो. लीक मोठी झाली की मशीनला श्वासाचा अंदाजही नीट येत नाही, म्हणजे तेव्हाच्या एएचआयवर (तासाला सरासरी किती वेळा श्वास अडकला किंवा कमी झाला तो आकडा) पण फारसा भरवसा ठेवता येत नाही. अशात प्रेशर वाढवलं तर लीक अजून वाढणार.

मास्क बसून लावू नका. रोजच्या कुशीवर आडवे व्हा, मशीन चालू करा, बऱ्याच मशीनमध्ये मास्क फिट नावाची टेस्ट असते ती लावा, ती जास्त प्रेशरने हवा सोडते, आणि तेव्हा पट्टे अ‍ॅडजस्ट करा. एकदा मास्क चेहऱ्यापासून थोडा ओढून परत अलगद टेकवा म्हणजे कुशनमध्ये हवा भरून ते नीट बसतं. आणि सगळे करतात ती चूक म्हणजे पट्टे करकचून आवळणं, मीही नाकावर वळ उठेपर्यंत आवळायचो. कुशनची पातळ कड हवेने फुगून त्वचेला चिकटते, आवळल्यावर ती दुमडते आणि तिथूनच हवा सुटते. त्यामुळे पट्टे आधी सैल करून बघा, खरंच.

कुशन रोज सौम्य साबणाने धुवा, झोपायच्या आधी तोंडही धुवा आणि क्रीम लावू नका, तेलकट त्वचेवर सिलिकॉन घसरतं. नळी वरून टांगली की कूस बदलताना मास्क ओढला जात नाही. सगळं करूनही लीक होत असेल तर कुशन जुनं झालंय का किंवा साइज चुकलाय का ते बघा. मास्कवरच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा मात्र लीक नाही, आपण सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो, ती कधीही बुजवू नका!

सकाळी तोंड कोरडं ठाक पडत असेल आणि मास्क नाकाचाच असेल तर हवा तोंडातून जातेय. नाक चोंदतंय का बघा, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) वाढवा, नाहीतर नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क घ्या, आणि मास्क बदलला की मशीनच्या मेनूत मास्कचा प्रकारही बदला, नाहीतर लीकचा आकडा चुकीचा येतो. रेसमेड कंपनीच्या मशीनवर लीक मिनिटाला २४ लिटरच्या खाली असेल तर चालतं.

आता प्रेशर. लीक आटोक्यात आली की आठवडाभराचा रिपोर्ट काढा आणि ९५ टक्के वेळ प्रेशर कितीच्या आत होतं ते बघा. तो आकडा समजा ११ असेल तर खालची मर्यादा ४ ठेवणं फारच कमी, मशीन वर पोचेपर्यंत श्वास अडकून झालेला असतो. माझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून खालचं ४ वरून ७ केलं, तेही एकदम नाही, एकेक पॉइंट वाढवून मध्ये चार-पाच रात्री जाऊ देत, आणि वरचं २० वरून १३ वर आणलं. त्यानंतर पहाटेची जाग थांबली, एएचआय ५ च्या खाली आला. तुमचा आकडा वेगळा असेल, माझा कॉपी करू नका. प्रेशर जास्त झालं तर पोटात हवा जाऊन पोट फुगतं, आणि काहींना सेंट्रल अ‍ॅप्निया वाढतो, म्हणजे घसा उघडा असूनही मेंदूकडून श्वासाचा सिग्नलच येत नाही, तिथे प्रेशर वाढवून उपयोग नाही. हार्टचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असेल तर सेटिंगला स्वतः हात लावूच नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा.

आज रात्री फक्त आडवं होऊन फिटिंग करून बघा आणि उद्या लीकचा आकडा इथे लिहा, मी बघतो.