देव राखील, पण विम्याचं काय?

*मावशी, आमची एकच बोट. गेल्या वर्षी पतपेढीचं कर्ज काढून नवीन इंजिन बसवलं. त्यानंतर बोटीचा विमा संपला, तो नवऱ्याने पुन्हा काढलाच नाही. विषय काढला की म्हणतो, "देव राखील. पेत्राला राखलं ना?" मला रात्रभर झोप लागत नाही. रोझरी हातात असते आणि मनात कर्जाचे हप्ते. प्रार्थनासभेतल्या एका बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, काळजी करणं म्हणजे देवावर अविश्वास, ते पाप आहे. आता सभेला जायची लाज वाटते. माझा विश्वास खरंच कमी पडतोय का?*
*– एक वाचक, वसई*

बाय,

पेत्राचं नाव तुझ्या नवऱ्यानेच काढलंय, तर तिथूनच सुरू करते. पाण्यावर चालताना वारा बघून येशूचा हा शिष्य घाबरला, बुडायला लागला आणि वाचवा म्हणून ओरडला. येशू त्याला अल्पविश्वासी म्हणाला, हे खरं. सभेतल्या बाईंना तेवढंच आठवलेलं दिसतं. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात आधी येशूने हात पुढे करून त्याला धरलंय, बोलला तो नंतर. त्या बाईंनी निदान हप्ता किती आहे एवढं तरी विचारायचं होतं, मग पाप-पुण्य काढायचं.

रोझरीच्या वेळी हप्ते आठवतात, तर हप्त्यांबद्दलच देवाशी बोल की! बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. १३वं तर 'कुठवर?' असं विचारतच सुरू होतं. ८८व्यात शेवटपर्यंत उजेड नाही. ही स्तोत्रं शतकानुशतकं देवळात म्हटली जातात आणि ती म्हणणाऱ्यांना कुणी अविश्वासू ठरवलेलं नाही.

आता नवऱ्याचं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'चा २७वा अध्याय त्याला वाचायला दे. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला तो लगेच कळेल. प्रेषित पौल कैदी म्हणून जहाजाने रोमला निघालाय, वादळात कित्येक दिवस सूर्य नाही की तारे नाहीत. देवदूत त्याला सांगतो की एकही माणूस दगावणार नाही. यापुढचं खरं वाचण्यासारखं आहे. खलाशी पाण्याची खोली मोजतात, आधी २० वाव, मग १५ वाव. खडकावर आपटू नये म्हणून मागून ४ नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट बघतात. मग हेच खलाशी गुपचूप छोटी होडी पाण्यात उतरवून पळायला बघतात, तेव्हा पौलच शिपायांना बजावतो की हे तारवावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवाचा शब्द मिळालेला माणूस हे बोलतोय! मग तो सगळ्यांना बळेच जेवायला लावतो. शेवटी २७६ माणसं माल्टाच्या किनाऱ्याला लागली, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर. तारू मात्र फुटलं. ते वाचेल असं देवाने कबूलच केलं नव्हतं. २०१९ला क्यार आणि महा, २०२०ला निसर्ग, २०२१ला तौक्ते. नवऱ्याने ही वादळं पाहिलीच असतील.

पण खरं सांगू? मला हा प्रश्न विश्वासाचा वाटतच नाही. माझा संशय असा की विम्याला पैसे उरले नाहीत आणि ते तुला सांगायची त्याला लाज वाटते. देवाचं नाव घेतलं की बायको गप्प बसते, एवढं त्याला कळलंय. (पुरुषांची ही युक्ती आपल्या किनाऱ्यावर सगळ्याच धर्मांत चालते.) म्हणून त्याच्याशी धर्मावर वाद घालू नकोस. पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस आहेत, ३१ जुलैपर्यंत बोट वर ओढलेली. जाळी शिवायला बसला की शेजारी जाऊन बस. सासूबाई नकोत, खलाशी नकोत. सरळ विचार, "किती कमी पडतायत?" मासळी विकून घरात पैसा तूच आणतेस, विचारायचा तुझा हक्क आहे.

आकडा कळला की नोंदणीचे कागद आणि परवाना घेऊन दोघं विमा कंपनीत जा. मच्छीमार संस्थेत आणखी एक चौकशी कर. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात नवऱ्याचं आणि खलाशांची नावं आहेत का? त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख मिळतात आणि प्रीमियम सरकार भरतं. हा विमा माणसांचा, बोटीचा वेगळा, यात गल्लत करू नकोस. पैसे उभे राहत नसतील तर पतपेढीकडे दोन-तीन महिन्यांची सवलत माग, थकल्यावर मागण्यापेक्षा आधी मागितलेली बरी.

हे सगळं होऊनही झोप लागली नाही तर डॉक्टरांना दाखव. तेही पाप नाही. आणि सभेला जा, या रविवारीच. त्या बाई शेजारी येऊन बसल्या तर बसू दे. बोट समुद्रात जायच्या आधी फादरांना आशीर्वादासाठी बोलवाल, तेव्हा विम्याचा कागद केबिनमध्ये असायला हवा. आला की मला दोन ओळी टाक.

तुझी,
मावशी