ब्रिटिश चांदीनंतर पुढे काय?

ब्रिटिश काळातले चांदीचे रुपये जमवत होतो, आता ते परवडेनात, पुढे कोणती नाणी जमवू, असं विचारता, तर सध्या त्यांना हात लावू नका. चांदीचा भाव वर गेला की झिजलेला रुपयाही धातूच्या भावात महाग होतो. मी तुमच्या जागी असतो तर नये पैसे घेतले असते.

१९५७ ला दशमान पद्धत आली, म्हणजे रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले, आणि १९६४ मध्ये 'नया' शब्द गेला. म्हणजे मालिका छोटी, संपवता येण्याजोगी. १, २, ५, १०, २५, ५० असे सहाच प्रकार. एका नया पैशावर 'रुपये का सौवाँ भाग' लिहिलेलं असतं, कारण लोकांना आणे विसरायला लावायचे होते! तोच पैसा आधी कांस्यात आणि १९६२ पासून निकेल-पितळेत निघाला. दोन्ही शेजारी ठेवले की रंगातला फरक लगेच कळतो.

आधी फक्त प्रकार जमवा. मग सालं, आणि शेवटी टांकसाळी. सालाखाली बघा, मुंबईची खूण पत्त्यातल्या चौकटसारखी, कोलकात्याची खूणच नाही. इथे भिंग लागेल, ते मात्र चांगलं घ्या.

जुन्या बाजारात किलोच्या ढिगातून वेचा, पण काळवंडलेलं नाणं चिंचेनं घासू नका. माझी सुरुवातीची अर्धी डबी मी अशीच चकचकीत करून वाया घालवली. बायको खूश होती, घेणाऱ्यानं मात्र हातात घेऊन परत ठेवलं.

शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याचा, मोह होईल. तिच्यावरची अक्षरं वाचता येऊ लागली की मग घ्या.