जुना मिररलेस मॉडिफाय करून सह्याद्रीत इन्फ्रारेड आणि यूव्ही लँडस्केप काढावेत का?

जुना मिररलेस कॅमेरा पडून आहे, त्याचा आतला फिल्टर काढून इन्फ्रारेड आणि अल्ट्राव्हायोलेट (यूव्ही) दोन्हीत लँडस्केप काढायचेत, पैसे वाया तर जाणार नाहीत ना, असा तुमचा प्रश्न. इन्फ्रारेडसाठी बिनधास्त करा. यूव्हीसाठी मात्र, निदान लँडस्केपला, एवढ्यात खिसा रिकामा करू नका. मी दोन्ही करतो, म्हणजे इन्फ्रारेड नियमित आणि यूव्ही अधूनमधून सणक आली की.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण घरचे पण हेच विचारतात: हा थर्मल कॅमेरा नव्हे. थर्मलवाले ८ ते १४ मायक्रॉनमध्ये, म्हणजे ८००० ते १४००० नॅनोमीटरमध्ये बघतात, आपण ७०० ते १००० नॅनोमीटरमध्ये, म्हणजे लाल संपला की लगेच पलीकडे. अंगाची उष्णता वगैरे काही दिसत नाही, दिसतं ते परावर्तित ऊनच. सिलिकॉन सेन्सरला साधारण ३५० ते ११०० पर्यंत दिसू शकतं पण कंपनी त्याच्यापुढे एक काच बसवते जी आपल्या डोळ्याबाहेरचं सगळं अडवते, नाहीतर रोजच्या फोटोंचे रंग बिघडतील. मॉडिफाय करायचं म्हणजे ती काच काढून तिथे दुसरी बसवायची, बास.

आता कुठली बसवायची. ७२० ची, म्हणजे साधारण ७२० नॅनोमीटरच्या पुढचंच आत सोडणारी, बसवली की कॅमेरा कायमचा इन्फ्रारेड. साधी काच बसवली की फुल स्पेक्ट्रम, मग लेन्सवर जो फिल्टर लावाल ते दिसणार. तुमचा मिररलेस आहे त्यामुळे मी फुल स्पेक्ट्रमच सांगेन, कारण डीएसएलआरला, म्हणजे आरशावाल्या कॅमेऱ्याला, ७२० चा फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो, मिररलेसमध्ये सेन्सरला दिसतं तेच तुम्हाला दिसतं आणि फोकसही सेन्सरवरच होतो. ५९० च्या फिल्टरने झाडं सोनेरी आणि नंतर कॉम्प्युटरवर लाल-निळा चॅनल अदलाबदल केला की आकाश निळं, ७२० ने थोडा रंग उरतो, ८५० म्हणजे शुद्ध ब्लॅक अँड व्हाइट. सुरुवात ७२० ने करा. घरी स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका, फ्लॅशवाल्या कॅमेऱ्यात कपॅसिटर चार्ज राहतो आणि जोरदार शॉक बसतो, शिवाय नवी काच योग्य जाडीची नसेल तर फोकस कायमचा सरकतो. हो, आणि काही मॉडेलमध्ये शटरवर लक्ष ठेवायला आतच एक इन्फ्रारेड एलईडी असतो, लाँग एक्स्पोजरला तो फोटोत झिरपतो, तर तुमच्या मॉडेलबद्दल ते आधी शोधा.

झाडं पांढरी का होतात यावर लोक काहीही लिहितात. क्लोरोफिल चमकतं वगैरे नाही. क्लोरोफिल लाल प्रकाश खातं पण ७०० च्या पुढे ते जवळपास पारदर्शक होतं, मग प्रकाश पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्यांत आपटत आपटत परत बाहेर येतो. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले म्हणून याला वुड इफेक्ट म्हणतात. उपग्रहावरून पिकं हिरवी आहेत की सुकली हे बघतात ते पण याच जोरावर.

आणि सह्याद्री यासाठी बनलाय असं माझं स्पष्ट मत आहे. आपला काळा बसाल्ट इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो आणि त्याला चिकटलेलं गवत, कारवी, झाडी सगळी पांढरीशुभ्र, त्यामुळे कोकणकड्यासारखा कडा असा काही उठून येतो की रंगीत फोटोत तो कधी दिसलाच नव्हता असं वाटतं. पवना धरणासारखं पाणी काळंभोर येतं कारण पाणी इन्फ्रारेड शोषतं आणि वरून काळं आकाश त्यात दिसतं. बेस्ट सीझन म्हणजे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर, हिरवळ अजून आहे, हवा धुतलेली आहे आणि कापसाचे ढग आहेत. त्यातही सगळे फोटोग्राफर ज्या वेळी कॅमेरे बॅगेत टाकून मिसळ खायला जातात ना, ११ ते २ चं रणरणतं ऊन, तीच आपली वेळ. जुलैच्या ढगाळ हवेत फोटो येतो पण मिळमिळीत.

'इन्फ्रारेड धुक्यातून आरपार बघतं' हे मात्र अर्धवट खरं आहे. हवेतले रेणू आणि अगदी बारीक कण निळा प्रकाश जास्त उधळतात, लहरीची लांबी वाढली की उधळणं चौथ्या घाताने कमी होतं, म्हणून दूरचे डोंगर स्वच्छ आणि आकाश गडद. पण धुक्याचे थेंब लहरीपेक्षा कितीतरी मोठे, तिथे हे गणित चालत नाही. पावसाळ्यात महाबळेश्वरला पॉइंटवर उभं राहून फिल्टर लावला तर पांढऱ्याच्या जागी पांढरंच येणार.

यूव्हीत याच्या बरोब्बर उलट. तोच चौथा घात लावला तर ३५० ला हवा ८०० च्या सुमारे २७ पट प्रकाश उधळते. म्हणजे इन्फ्रारेडमध्ये हवा गायब होते आणि यूव्हीमध्ये मुख्य करून हवाच दिसते. आकाश पांढरं फटक, झाडी काळपट, आणि डोंगररांगा एकामागून एक ट्रेसिंग पेपर चढवत नेल्यासारख्या फिकट होत जातात, शेवटच्या तर नाहीशाच. एकोणिसाव्या शतकातले डोंगरदऱ्यांचे फोटो बघा, आकाश कोरं असतं, कारण तेव्हाच्या कोलोडियन प्लेटना (फिल्मऐवजी वापरायच्या रसायन लावलेल्या काचा) फक्त निळा आणि यूव्ही दिसायचा. तसा मूड हवा असेल तर मजा आहे, पण दोनचार फोटोंत हौस फिटते.

आणि खर्च बघा. आधुनिक लेन्सच्या काचा, कोटिंग आणि काचा चिकटवायचा डिंक मिळून यूव्ही जवळजवळ आत येऊच देत नाहीत. खास क्वार्ट्झ-फ्लोराइटची यूव्ही निक्कोर १०५ एमएम आहे पण तिचं नाव आपण नुसतं घ्यायचं. गरिबांचा पर्याय म्हणजे जुनी मेटलवाली एल-निक्कोर ८० एमएम एफ ५.६, ही मुळात एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायच्या यंत्राची लेन्स, तिला फोकससाठी हेलिकॉइड, म्हणजे फिरवून लेन्स पुढेमागे करायची नळी, जोडावा लागतो. फिल्टर हे दुसरं दुखणं, स्वस्त काळ्या यूव्ही काचा ७०० च्या आसपास इन्फ्रारेड गळू देतात आणि सेन्सरला तेच जास्त दिसतं, म्हणजे तुम्ही यूव्ही समजून इन्फ्रारेडच काढत बसता. ओळखायची खूण सोपी: झाडाची पानं उजळ आली तर गळती आहे. ट्रायपॉड तर लागतोच, भर उन्हातही. व्हाइट बॅलन्सला, म्हणजे पांढरं काय ते कॅमेऱ्याला दाखवायला, साधा कागद चालत नाही कारण त्यातलं उजळवणारं रसायन यूव्ही शोषतं, प्लंबर नळाला गुंडाळतो ती टेफ्लॉन टेप कार्डावर पाचसहा थर लावून वापरा. इन्फ्रारेडला हिरव्या गवतावर व्हाइट बॅलन्स घेतला की झालं.

यूव्हीचा खरा खजिना फुलांत आहे. सूर्यफूल आपल्याला सरसकट पिवळं दिसतं, यूव्हीत पाकळ्यांची टोकं उजळ आणि बुडखे काळे, म्हणजे मधोमध काळं वर्तुळ, आणि मधमाशीला यूव्ही दिसतो त्यामुळे तिला ते दिसतं. त्यामुळे उद्या यूव्हीवर पैसे घालायचेच झाले तर लँडस्केपसाठी नको, सोनकी-तेरड्याच्या दिवसांत पठारावर जमिनीशी लोळायची तयारी ठेवून घाला.

एक सांगायचं राहिलं, ७२० चा फिल्टर डोळ्याला लावून सूर्य बघू नका. काच काळी दिसते, बाहुली मोठी होते आणि इन्फ्रारेड मात्र सरळ डोळ्याच्या आतल्या पडद्यावर. बाकी कॅमेरा द्यायच्या आधी तुमच्याकडच्या लेन्सची नावं टाकून हॉटस्पॉट शोधा, काही भारी लेन्स फोटोच्या मधोमध पांढरा डाग पाडतात, विशेषतः एफ ११ च्या पुढे, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केलं की, आणि किटची साधी लेन्स कित्येकदा एकदम स्वच्छ निघते.