रोजच्या ओढाताणीत देव सोबत आहे हे ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की प्रार्थना चुकवत नाही, उपासनेलाही जाता, पण घरातलं आजारपण आणि कामाचा ताण यांत देव कुठंच जाणवत नाही. आणि मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, इतरांच्या साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं याचे उभं राहून सांगितलेले अनुभव, ऐकल्या की आपल्याच विश्वासात खोट असावी असं वाटतं. या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले आहे, कारण ते मला तोंडावर ऐकवलं गेलं होतं.

माझ्या पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजायचं सगळं, पण पाणी हवं असलं तरी 'पाणी' हा शब्द ओठांवर येत नसे. आयुष्यभर उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचलेला माणूस. शब्द सापडला नाही की डाव्या हाताने उशीवर बुक्क्या मारायचे आणि मग रडायचे. अंग पुसणं, कूस बदलणं, औषधं, हे सगळं माझ्याकडे होतं. 'प्रभू, आजची रात्र निभावून ने' याहून लांब प्रार्थना तेव्हा माझ्याच्याने होत नव्हती.

अशाच एका रात्री त्यांचा डोळा लागेना, म्हणून मी उशाशी बसून सवयीने प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढं म्हटलं आणि पुढचं पप्पांनी उचललं. जड जिभेने, पण शब्द न शब्द कळत होता. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणाले, थेट 'आमेन'पर्यंत गेले. मी घाईने विचारलं, "पप्पा, पाणी देऊ?" परत तेच. ओठ हलले, आवाज नाही.

स्पीच थेरपिस्टना त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की नवं वाक्य जुळवणं अवघड होतं, पण लहानपणापासून घोकून बसलेलं, म्हणजे अंक, वार, गाणी, प्रार्थना, पुष्कळदा शाबूत राहतं. सुरावर म्हणवून घेत शब्द परत आणायची एक उपचारपद्धतच आहे. मग आम्ही रोज तेच केलं. प्रभूची प्रार्थना, तेविसावं स्तोत्र, पप्पांच्या आवडीची गीतं. काही सुटे शब्द परत आले. पूर्ण बोलणं शेवटपर्यंत आलं नाही.

दादा म्हणाला, "ही तर मेंदूची रचना. यात देव कुठून आला?" मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी दुसरं टोक गाठलं: "पूर्ण बोलू लागले असते तर साक्ष झाली असती. तुमचा विश्वास कमी पडतोय, उपास धरा." एक देवाला न मानणारा, एक अखंड त्याचंच नाव घेणारा, पण दोघांचं म्हणणं एकच: निसर्गाचा नियम मोडला तरच तो देव. मला हे कधीच मान्य नव्हतं. मेंदू कुणी घडवला? आणि ती प्रार्थना पप्पांच्या तोंडी आली कुठून? त्यांच्या आईने लहानपणी रोज रात्री निजण्याआधी म्हणवून घेतली होती म्हणून. मला ज्या रात्री मदत हवी होती, तिची तजवीज माझ्या जन्माआधी झाली होती. याला देवाची मदत म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची ती शांत, मंद वाणी सगळ्यांच्या लक्षात राहते. मला त्याआधीचा भाग जास्त जवळचा वाटतो. 'पुरे झालं, मला मरू दे' म्हणून तो झाडाखाली आडवा होतो, तेव्हा देवदूत ना त्याला रागावतो, ना विश्वासाची परीक्षा घेतो. भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत परत येऊन परत खायला लावतो. पहिले राजे, अध्याय 19. थकलेल्या माणसाला आधी काय लागतं हे देवाला आपल्या ज्येष्ठांपेक्षा बरं कळतं.

आता तुमच्या प्रश्नाचं. रात्री दिवस मागे वळून बघा. येशूसंघ हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात ही रीत घालून दिली आणि येशूसंघी आजही ती पाळतात: आधी आभार, मग सकाळपासूनचा दिवस एकेक करून डोळ्यांपुढे आणायचा. मी त्यात एवढंच बघते की जे मला झेपणारं नव्हतं, ते आज कसं झेपलं. कुणाचा फोन आला, कुठे तोंडावर आलेला राग गिळता आला. घडत असताना यातलं बहुतेक जाणवत नाही. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांबरोबर खुद्द येशू चालत होता, तरी भाकर मोडेपर्यंत त्यांना ओळख पटली नाही.

तरीही काहीच न जाणवणं हे अविश्वासाचं लक्षण नव्हे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं आणि ते शास्त्रातून कुणी काढून टाकलेलं नाही. मदर तेरेसांनी कित्येक वर्षं हाच अंधार सोसला, हे त्यांच्या मृत्यूनंतर 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून कळलं. मात्र झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडे जा, उद्यावर टाकू नका. आणि घरात कुणी मारहाण करत असेल तर त्याला 'माझा वधस्तंभ' म्हणून सोसत बसू नका, तिथून बाहेर पडा.

बाकी, विश्वास कमी पडतोय असं कुणी म्हणालं तर त्यांना बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय 12 उघडायला सांगा. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर आलं. पौलाच्या विश्वासात कमतरता होती असं म्हणायचं धाडस आहे का कुणाचं? हे मी त्या ज्येष्ठांना विचारलं होतं. त्यानंतरच्या रविवारी उभं राहून साक्षही दिली, की पप्पा बरे झालेले नाहीत, पण आमच्याबरोबर प्रार्थना म्हणतात. त्यांना ती साक्ष वाटली नाही. माझ्या लेखी आहे, आणि तुमच्याकडे अशी असेल तर तुम्हीही द्या.